लाटेचा वेग कूलरच्या टाकीत मोजा

मा. संपादक,

शाळांच्या सहली आता कोकणात जातात, पण किनाऱ्याजवळ लाट का मंदावते, हे आपल्याकडच्या मुलांना पाठच करावं लागतं. समुद्र नसला तरी विदर्भात घरोघरी कूलर आहे.

उथळ पाण्यात लाटेचा वेग म्हणजे ९.८ (गुरुत्वीय त्वरण) गुणिले मीटरमधली खोली, त्याचं वर्गमूळ. दहा मीटर खोलीवर सेकंदाला ९.९ मीटर, एक मीटरवर ३.१. पुढची लाट आधी मंदावते, मागची जवळ येते आणि उंची वाढते.

कूलरची पत्र्याची टाकी काढा, पंप बाजूला ठेवा. आतली लांबी ६० सेंटिमीटर धरू. पाणी ४ सेंटिमीटर. चारही कोपऱ्यांत पट्टीने मोजा, कारण आपल्या अंगणाला उतार असतोच. एक कड पेन्सिलीच्या जाडीइतकी उचलून अलगद ठेवा. लाटेच्या पाच जाण्या-येण्यांचा वेळ मोबाइलवर मोजा: साधारण ९.६ सेकंद यायला हवेत. पाणी १ सेंटिमीटर केलं की जवळपास दुप्पट.

चुकतं कुठे? कड जोरात आपटली की बारीक तरंग उठतात, त्यांना हे सूत्र लागूच नाही. पाणी १५ सेंटिमीटर भरलं तर सूत्र वेग सुमारे नऊ टक्के जास्त सांगतं, कारण खोली लाटेच्या लांबीच्या विसाव्या भागाहून कमी हवी. इथे ती लांबी टाकीच्या दुप्पट, १२० सेंटिमीटर धरायची. कालव्यात मोजू नये. वाहत्या पाण्याचा वेग त्यात मिसळतो, शिवाय काठ निसरडे.

— दोन विज्ञान शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ