मुक्त विद्यालयाच्या दाखल्याची अडवणूक थांबवा

प्रति,
मा. संपादक,

विषय : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा आणि मराठवाड्यात तिच्या प्रमाणपत्राची होणारी अडवणूक

महोदय,

स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या दैनिकात टक्केवारीच्या, गुणवंतांच्या आणि लातूरच्या शिकवणी वर्गांच्या बातम्या भरभरून येतात, आणि त्या याव्यातही; परंतु त्याच दिवसांत दहावी उत्तीर्ण होऊनसुद्धा अकरावीच्या दाराशी अडलेल्या काही मुलांविषयी मात्र कुठे ओळ दिसत नाही. ही मुले राज्य मंडळाची नसतात. त्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे ज्याला आपण ‘एनआयओएस’ म्हणतो त्या केंद्रीय संस्थेची परीक्षा दिलेली असते. मी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील शाळेत ३१ वर्षे शिकवले आणि निवृत्तीनंतर वाड्या-तांड्यांवरील मुलांचे अर्ज भरून देण्याचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओसरीवर दर पावसाळ्यात येऊन बसतो.

गेल्या वर्षीचीच गोष्ट सांगतो. धारूर तालुक्यातील एक मुलगी आठवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. आईवडील कोयत्यावर जाणारे, घरात मागे राहणारे कोणी नाही, त्यामुळे दिवाळी झाली की तिचे दप्तर खुंटीला लागायचे आणि ती उसाच्या फडात धाकट्या भावाला सांभाळायला जायची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे तिने मुक्त विद्यालयात नाव नोंदवले आणि तीन खेपांमध्ये, दोन-दोन विषय करत, दहावी पूर्ण केली. गुणपत्रक घेऊन आम्ही एका कनिष्ठ महाविद्यालयात गेलो, तर खिडकीवरच्या लिपिकाने ते कागद उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, “सर, हे आपल्याकडं चालत नाही. ह्याच्यात शाळेचं नाव कुठंय? टीसी आणा.” दाखल्याच्या शीर्षकातच स्थलांतर आणि शाळा सोडल्याचा उल्लेख आहे, हे त्याला बोट ठेवून दाखवले, तेव्हा त्याची शंका जातीच्या रकान्याकडे वळली, कारण आपल्याकडच्या निर्गम उताऱ्यावर जात असते आणि या दाखल्यावर ती नाही. मग जिल्हा परिषदेच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा आणला. मग अन्य मंडळांच्या मुलांना विभागीय मंडळाकडून आणावे लागणाऱ्या पात्रता प्रमाणपत्राचा मुद्दा निघाला. एकेका कागदासाठी एकेक एसटीची फेरी, आणि प्रत्येक फेरीला बापाचा रोज बुडणार. पात्रता प्रमाणपत्र हाती आले तेव्हा मुकादम पुढच्या हंगामाची उचल देऊन गेला होता.

त्या लिपिकाला मी फार दोष देत नाही. त्याच्या हाताखालून वर्षाकाठी शेकडो राज्य मंडळाची गुणपत्रके जातात आणि या संस्थेचे क्वचित एखादे. परंतु जे त्याला ठाऊक नाही ते गुप्त मुळीच नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये मुक्त विद्यालयाचा एक प्रकल्प सुरू केला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर, नोव्हेंबर १९८९ मध्ये, त्यातूनच स्वतंत्र राष्ट्रीय मुक्त विद्यालय उभे राहिले. आणि १४ सप्टेंबर १९९० च्या ठरावाने भारत सरकारने त्याला पदवीपूर्व स्तरापर्यंत विद्यार्थ्यांची नोंदणी करण्याचा, परीक्षा घेण्याचा आणि प्रमाणपत्र देण्याचा अधिकार दिला. आजचे नाव २००२ पासूनचे आहे. म्हणजे ही काही कोण्या ट्रस्टची खासगी शिकवणी नव्हे, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालील स्वायत्त परीक्षा मंडळ आहे, आणि भारतीय विद्यापीठ महासंघानेही त्याच्या प्रमाणपत्राला मान्यता दिलेली आहे. पस्तीस वर्षे झालेल्या या गोष्टीचा पुरावा ऊसतोड कामगाराच्या मुलीने खिडकीखिडकीवर नव्याने का द्यावा, एवढाच माझा प्रश्न आहे.

ही परीक्षा आपल्या भागाला का जुळते, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण शिक्षणाधिकाऱ्यांच्या बैठकांतही मला ते कधी ऐकायला मिळालेले नाही. राज्य मंडळाची दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली. त्या वेळी बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात फडावर असतात, गाळप जोरात असते आणि मुकादम कोणाला सोडायला तयार नसतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याची सोय आहे, पण ती परीक्षाही त्याच तारखांना. हंगामी वसतिगृहांनी काही मुलांना गावात थांबवले, हे खरे. तरी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी वसतिगृहात ठेवायला किती आईबाप धजावतात, हे गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. याउलट मुक्त विद्यालयाची सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपते, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर गावाकडे वळतात, आणि त्याच सुमारास पहिली खेप सुरू होते. नोएडात बसून वेळापत्रक आखणाऱ्यांनी कोयता पाहिलेला असण्याची शक्यता कमी, पण अजाणता का होईना, त्यांनी आमच्या लेकरांच्या सोयीचे वेळापत्रक आखले आहे.

दुसरी सोय त्याहून मोठी आहे. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे टिकते आणि त्या काळात नऊ वेळा परीक्षेला बसता येते. एका खेपेला एक विषय दिला तरी चालतो आणि उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. दहावीला वयाची किमान अट १४ वर्षे आहे, कमाल अट नाही, त्यामुळे लवकर लग्न होऊन शाळा सुटलेल्या बायकाही बसू शकतात, आणि माझ्याकडे तशा दोघी येऊन गेल्या. राज्य मंडळात नापास झालेल्याला आधी उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे आणता येतात. दहावीसाठी मराठी माध्यमही आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसईने) दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णय २०२६ पासून अमलात आणायचे ठरवले तेव्हा वर्तमानपत्रांत केवढी चर्चा झाली. इथे ती पद्धत कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि तिचा खरा लाभार्थी जो मराठवाड्याचा डोंगरपट्टा, त्यालाच तिची खबर नाही.

आता या व्यवस्थेचे दोषही लपवू नयेत. दलाल हा पहिला. ‘घरबसल्या दहावी, पास होण्याची हमी’ असे फलक तालुक्याच्या बसस्थानकाबाहेर मी स्वतः वाचले आहेत. अशी मंडळी ज्या कामासाठी अधिकृत शुल्क ठरलेले आहे त्याच कामाचे अनेक पट पैसे घेतात, आणि कधी कधी मुलाच्या हातात ज्या मंडळाचे प्रमाणपत्र पडते ते मंडळ कायद्याने अस्तित्वातच नसते, केवळ नावात ‘ओपन’ आणि ‘बोर्ड’ हे शब्द असतात. लिपिकाचा संशय निराधार नाही, तो इथून येतो. दुसरा दोष गृहपाठाचा. एकूण गुणांपैकी २० टक्के गुण अभ्यासकेंद्रात तपासल्या जाणाऱ्या स्वाध्यायांना आहेत, आणि एकाच अक्षरातले, एकसारखे स्वाध्याय मुलांच्या नावावर जमा होताना मी पाहिले आहेत. हे होत असेल तर प्रमाणपत्राची पत दुसरे कोणी घालवायची गरज उरत नाही.

मान्यतेलाही मर्यादा असतात, हेही इथेच सांगितले पाहिजे. याच संस्थेने सेवेतील अप्रशिक्षित शिक्षकांसाठी जो १८ महिन्यांचा डी. एल. एड. हा शिक्षक पदविका अभ्यासक्रम चालवला, तो नियमित दोन वर्षांच्या पदविकेच्या तोडीचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले. आमच्याकडच्या काही तरुण शिक्षकांच्या घरात तेव्हा चूल पेटली नव्हती. परंतु शिक्षकाची पात्रता ठरवणारा नियामक वेगळा आणि शालेय प्रमाणपत्र देण्याचा अधिकार वेगळा. एकाच्या निकालाचा हवाला देऊन दुसरे नाकारणे ही चूक मी एका प्राचार्यांच्या तोंडून ऐकली आहे, म्हणून हा उल्लेख. उलट वैद्यकीय प्रवेशाच्या बाबतीत मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वगळणारी जुनी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरवली आणि २०२४ मध्ये तो वाद सर्वोच्च न्यायालयातही संपला. ज्या विद्यार्थ्याला नीटला बसता येते, त्याला अकरावीच्या वर्गात बसता येत नाही, ही अवस्था लातूरच्या इतक्या जवळ असावी याचे हसू येते.

मराठवाड्याला तर हा अनुभव अगदीच परका नसावा. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणण्यावरून औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातील आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांना निजामी राजवटीने बाहेर काढले, तेव्हा संस्थानाबाहेरच्या नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच. नागपूरच्या त्या खिडकीवर बसलेल्या माणसाने शाळा सोडल्याचा दाखला मागितला असता, तर तो आणायला कोणाकडे जायचे होते?

या पार्श्वभूमीवर माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. राज्याच्या शिक्षण विभागाने, ज्या केंद्रीय व राज्य मंडळांची दहावी-बारावी इथे ग्राह्य आहे त्यांची नावे आणि त्यांच्या दाखल्यांचे नमुने असलेले एकच पत्रक दर मे महिन्यात प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीवर लावावे, म्हणजे खऱ्याला अडवले जाणार नाही आणि बनावट आपोआप उघडे पडेल. परराज्यातील वा अन्य मंडळांच्या मुलांसाठी पात्रता प्रमाणपत्र लागत असेल तर लागो, पण ते मुलाने फेऱ्या मारून न आणता महाविद्यालयानेच ऑनलाइन मागवावे. डिजिलॉकरमधील गुणपत्रक मूळ कागदाइतकेच ग्राह्य असल्याचा नियम २०१७ पासून आहे. विभागीय मंडळाला मोबाइलवर दोन मिनिटांत जी पडताळणी करता येते, तिच्यासाठी धारूरच्या माणसाला संभाजीनगरला का बोलवायचे? अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले, हे एका अर्थी बरे झाले. पण राज्य मंडळाचा निकाल मेमध्ये लागतो आणि मुक्त विद्यालयाच्या एप्रिल-मे परीक्षेचा त्यानंतर काही आठवड्यांनी, त्यामुळे पहिल्या फेऱ्यांत ही मुले नसतातच. त्यांच्यासाठी शेवटी एक फेरी राखून ठेवावी.

संस्थेकडूनही एक अपेक्षा आहे. हवे तेव्हा परीक्षा देण्याची जी सोय तिच्या केंद्रांमध्ये आहे, तिचा उपयोग पुण्याच्या मुलाला होतो; रात्रभराचा प्रवास करून पुण्याला जाणे आणि तिथे मुक्काम करणे डोंगरपट्ट्यातील मुलीला परवडत नाही. बीड, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांत प्रत्येकी किमान एका शासकीय शाळेत अशी परीक्षा ठेवता येईल. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची खेप मात्र आम्हाला अर्धवटच साधते. दसरा-दिवाळीच्या दरम्यान टोळ्या निघतात, पेपर नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतात. म्हणून मी मुलांना त्या खेपेला पहिल्या पंधरवड्यात येणारेच विषय घ्यायला सांगतो, वेळापत्रक आधी जाहीर झालेले असेल तर. मराठी माध्यमाचे मराठी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र हे चार पेपर दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ठेवले, तर संस्थेला फार काही करावे लागणार नाही.

धारूरच्या त्या मुलीचा प्रवेश शेवटी झाला. महाविद्यालयाने तिला सप्टेंबरात वर्गात घेतले, ऑक्टोबरअखेर टोळी निघाली तेव्हा ती गावातच राहिली, आणि यंदा ती बारावीला आहे. तिच्यामागून त्याच तांड्यावरील तिघांनी नोंदणी केली असून त्यांची शेवटची परीक्षा येत्या एप्रिलमध्ये आहे. जूनमध्ये मी पुन्हा त्याच खिडकीवर जाणार आहे. तोवर वर म्हटलेले पत्रक तिथे लागलेले असावे, यासाठी हे पत्र आपण प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
अंबाजोगाई, जि. बीड