सुध्या, तात्यांना एक गोष्ट विचार

टेनंट क्रीक, ऑस्ट्रेलिया

प्रिय सुध्या,

दिवाळीला फोन करतो म्हणालो आणि केला नाही. शिव्या घाल, पण पत्र पुरतं वाच. तब्येत बरी आहे, कंबर धरते तेवढंच.

परवा रात्री डार्विनहून ॲलिस स्प्रिंग्जला माल घेऊन निघालो होतो. एका इंजिनामागे तीन ट्रेलर, लांबी ५३.५ मीटर. फेकतोय म्हणशील; आपलं कबड्डीचं मैदान १३ मीटरचं, तशी चार एकापुढे एक लावून बघ! वजन १०० टनांच्या वर. रेनर स्प्रिंग्ज सोडलं की टेनंट क्रीकपर्यंत दीडशे किलोमीटर नुसता काळोख. इथे बऱ्याच ठिकाणी रस्त्याला कुंपण नाही, आणि रात्री डांबर कोमट असतं म्हणून गुरं त्यावर येऊन बसतात.

दिव्यात आधी डोळे चमकले. गाय, आणि तिच्यामागे वासरू.

मी वळवली नाही, सुध्या. पुढे स्टिअरिंगला जरासा झटका दिला तरी शेवटच्या ट्रेलरपर्यंत तो कितीतरी वाढून पोचतो. तो ट्रेलर आडवा झाला की बाकीच्यांनाही ओढतो. ब्रेक दाबला, हॉर्न धरून ठेवला, गाडी सरळ ठेवली. गाय निसटली. पुढच्या लोखंडी बारवर आवाज आला, ओल्या पोत्यावर काठी मारावी तेवढाच. गाडी थांबली ती बरीच पुढे. बॅटरी घेऊन मागे चालत गेलो, तर गाय परत आलेली. वासराचं कपाळ चाटत उभी होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खंबाटकी घाटात तात्यांच्या ट्रकखाली आलेल्या मेंढ्या आठवतात ना? "तुझ्या बापानं मुद्दाम वळवली नाही," असं मी चारचौघांत बोललो होतो. तू थोबाडीत दिलीस आणि वर्षभर बोलला नाहीस. त्या वेळी दहाचाकीत पाठीमागे सिमेंट होतं आणि डाव्या हाताला दरी. हे मला परवा कळलं, पंचवीस वर्षांनी. नंतर आठ दिवस तात्या रोज सकाळी बंपर धूत बसायचे, आणि आपण कोपऱ्यावरून हसायचो. काल मी तो बार तीनदा धुतला. खरं तर पहिल्या धुण्यातच स्वच्छ झाला होता.

चिनूचा दहावीचा निकाल कळला, शाब्बास म्हणावं. दुकानाचं काय झालं ते कळव. वहिनींना नमस्कार.

तात्यांना माझी माफी सांग, आणि एवढं विचार: त्यानंतर पहिल्यांदा रात्रीची गाडी काढली तेव्हा त्यांनी काय केलं? मला उद्या निघायचंय.

तुझा,
बाळ्या