हजार डॉलरचा तज्ज्ञ

बर्मिंगहॅम, अलाबामा

ती. आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "काही म्हण, तिकडचा न्याय चोख." मागे पोरांचा धिंगाणा चालू होता म्हणून मी नुसतं हं केलं. जन्मभर कोर्टात शिरस्तेदारी केलेल्या माणसाला दोन वाक्यांत काय सांगणार? म्हणून हे पत्र.

आमच्या बर्मिंगहॅमचीच केस आहे. १९८५ साली इथे हॉटेलांवर रात्रीचे दरोडे पडले, दोन मॅनेजर मारले गेले. तिसरा गोळी लागूनही वाचला आणि त्याने फोटो पाहून अँथनी रे हिंटन हा काळा तरुण ओळखला. हिंटन त्या वेळी १५ मैलांवर, कुलूपबंद गोदामात रात्रपाळीला होता! पोलीस आले तेव्हा तो आईच्या अंगणातलं गवत कापत होता. तो सांगतो, पोलीस अधिकारी त्याला म्हणाला होता: तू काळा, बोट दाखवणारा गोरा, सरकारी वकील गोरा, जज्ज गोरा, ज्यूरीही गोरीच असेल. (आपल्याकडे ज्यूरी गेली ते बरंच झालं म्हणायचं.)

मुद्देमाल काय, तर आईच्या घरातलं जुनं रिव्हॉल्व्हर. गोळ्या त्यातूनच सुटल्या, असं सरकारी तज्ज्ञ म्हणाले. दोन्ही खुनांत याखेरीज दुसरा पुरावा नव्हता, म्हणजे सगळी केस त्या गोळ्यांवर. आता आरोपीच्या बाजूने चांगला तज्ज्ञ हवा की नको? कोर्टाने नेमून दिलेल्या वकिलाला वाटलं, तज्ज्ञासाठी हजार डॉलरच्या वर मिळत नाहीत. ती मर्यादा कायद्यातून आधीच गेली होती, त्याने बघितलंच नाही. हजारात मिळाला तो एका डोळ्याने अधू असलेला इंजिनिअर. मायक्रोस्कोप कसा वापरायचा हेसुद्धा त्याला सरकारी तज्ज्ञाला विचारावं लागलं होतं. उलटतपासणीत त्याची पार शोभा झाली. हिंटनला मृत्युदंड.

पुढे ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाने केस घेतली. २००२ मध्ये तीन नामांकित तज्ज्ञांनी सांगितलं की गोळ्या त्या रिव्हॉल्व्हरशी जुळवता येत नाहीत. तरी सरकार बारा वर्षं हललं नाही. २००२ मध्येच हिंटनची आई गेली. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने म्हटलं, वकिलाचं ते अज्ञान म्हणजे आरोपीला नीट बचावच मिळाला नाही. ३ एप्रिल २०१५ ला तो सुटला. आत गेला तेव्हा एकोणतिशीत होता, आबा. मित्राच्या गाडीत रस्ता सांगणाऱ्या बाईचा आवाज आला, तर म्हणे हा दचकून मागे बघतो, गाडीत ही कोण!

आणि हा एकटा नाही. इथे काळे लोक साधारण साडेतेरा टक्के, पण खोट्या शिक्षेतून नंतर सुटलेल्यांच्या राष्ट्रीय नोंदीत ते निम्म्याहून जास्त आहेत. हे न सुटलेल्यांना सोडून.

मला राग त्या अधिकाऱ्याचा येतो, पण झोप उडते ती त्या हजार डॉलरने. तुमच्या कोर्टात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील द्यायचे, त्यांना फी किती मिळायची हो? आणि तज्ज्ञ आणायचा तर अर्ज कुणाकडे? आठवेल तेवढं लिहा.

आईला सांगा, मेतकूट पोचलं.

तुमची,
सुमन