जनुकशास्त्राच्या सामायिक फाइली तपासून द्याव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांच्या जनुकशास्त्र वर्गांत एक्सेल शीट, 'आर' या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्ट आणि नोट्स एका तुकडीकडून दुसरीकडे जातात. ही देवाणघेवाण हवीच. मात्र फाइलीबरोबर तिच्यातली चूकही वर्षानुवर्षे फिरत राहते.

सर्वांत जास्त घोळ हार्डी-वाइनबर्ग समतोल तपासताना होतो, म्हणजे जनुकरूपांचे (अ‍ॅलीलच्या जोड्यांचे) प्रमाण अ‍ॅलीलच्या (जनुकाच्या पर्यायी रूपांच्या) वारंवारतेवरून अपेक्षित असते तसेच आहे का, हे पाहताना. दोन अ‍ॅलील, तीन जनुकरूपे. म्हणून एक्सेलची आणि 'आर'ची तयार काय-स्क्वेअर चाचणी (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतला फरक मोजणारी) डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या संख्या, तीनातून एक वजा करून 2 धरते. पण अ‍ॅलीलची वारंवारता त्याच नमुन्यातून काढलेली असल्याने आणखी एक वजा होते आणि उरते 1. काय-स्क्वेअर 4.5 आला, तर 2 धरून पी (एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.105 मिळतो आणि 1 धरून 0.034, म्हणजे 0.05 या नेहमीच्या मर्यादेच्या खाली. निष्कर्षच उलटतो! म्हणून काय-स्क्वेअर शीटमध्ये सूत्राने काढावा आणि पी काढताना 1 हा आकडा आपण हाताने द्यावा.

दुसरी चूक मोजलेल्या संख्यांऐवजी टक्केवारी घालण्याची. मेंडेलचे 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले वाटाणे घाला. 3:1 या अपेक्षित प्रमाणासाठी काय-स्क्वेअर 0.263 यायला हवा. टक्के घातले तर तो 0.0036 येतो, कारण नमुना 7324 ऐवजी 100 चा समजला जातो. कोणतीही शीट वाटण्याआधी ही परीक्षा घ्यावी.

जुन्या डेटातली 'मार्च1' (MARCH1) आणि 'मार्क1' (MARC1) ही दोन वेगळ्या जनुकांची नावे एक्सेल 1 मार्च ही एकच तारीख करून टाकते. तसे सेव्ह झाले की मूळ नाव कोणते, हे फाइलीवरून सांगता येत नाही. 2020 मध्ये अशी काही नावे अधिकृतपणे बदलली गेली, तरी जुन्या फाइली वापरात आहेत. जनुकनावांचा स्तंभ 'टेक्स्ट' ठरवूनच फाइल आयात करावी.

जनुकांची स्थाने ज्या संदर्भ जीनोमवरून मोजली, त्याची आवृत्ती न लिहिणे तर अक्षम्य आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा डीएनएतला बदल (नोंद क्रमांक आरएस334) गुणसूत्र 11 वर जीआरसीएच37 या जुन्या आवृत्तीत 5248232 या स्थानी, तर जीआरसीएच38 या नंतरच्या आवृत्तीत 5227002 वर आहे. नंदुरबार-गडचिरोलीसारख्या सिकलसेल आढळणाऱ्या जिल्ह्यांच्या राज्यात हे उदाहरण वर्गात येणारच.

विभागांनी प्रत्येक सामायिक फोल्डरची जबाबदारी एका शिक्षकाकडे द्यावी. त्यात सॉफ्टवेअर व जीनोमची आवृत्ती, डेटा उतरवल्याची तारीख आणि उत्तरासह एक सोडवलेले उदाहरण असलेली साधी टेक्स्ट फाइल सक्तीची करावी. नव्या सत्राची प्रात्यक्षिके सुरू होण्याआधी एवढे काम सहज होऊ शकते.

आपले,
जनुकशास्त्राचे काही अध्यापक