स्कीवरचे शिक्के

गेल्या जानेवारीत मुलाबरोबर ऑस्ट्रियात स्की शिकायला गेलो होतो, साठी उलटल्यावर. लिफ्टच्या रांगेत मागच्याने आपल्या स्की थेट माझ्या स्कींवर चढवल्या. "जर्मन असणार, रांग कुठली पाळतायत!" मुलगा पुटपुटला. त्या गृहस्थांनी गॉगल वर सरकवला आणि म्हणाले, "सॉरी हं काका." ठाण्याचे निघाले!

तिथं सगळ्यांवर शिक्के मारलेलेच. इंग्रज म्हणजे दारू पिऊन लोळणारे, आपण म्हणजे बर्फात फोटो काढून परतणारे. पण १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्युरेनला आधुनिक स्लॅलम, म्हणजे खांबांमधून नागमोडी वळत उतरायची स्की शर्यत, सुरू करणारे अर्नोल्ड लन इंग्रजच, आणि जन्म चक्क मद्रासचा. आमच्या वर्गात सर्वांत जास्त वेळा मीच आपटलो, तेही थेंबभर न घेता.

— एक वाचक, पुणे