वटाटा बडा

प्रिय पम्या,

तू रागानं अर्धवट टाकून माझ्याकडे ढकललेली ती दोन्ही पुस्तकं काल रात्री दोनला संपवली, सकाळी ऑफिसात डोळे नुसते चुरचुरत होते. होम्सचा अपमान तुला सहन होत नाही हे मान्य रे, पण भारी मजा घालवलीस.

मॉरिस लब्लां या फ्रेंच लेखकानं 1905 साली आर्सेन ल्यूपँ हा खानदानी चोर काढला आणि पुढच्याच वर्षी तुझ्या होम्सला सरळ इंग्लंडहून फ्रान्सला बोलावून घेतलं, विचारलं वगैरे काही नाही. होम्सचा लेखक कॉनन डॉयल तक्रार करणारच की! मग 1908 च्या पुस्तकात नाव काय, तर हर्लॉक शोल्मेस. म्हणजे बटाटा वडा चालत नाही ना, घ्या मग वटाटा बडा. इतका उघड निगरगट्टपणा की मी एकटाच हसत बसलो.

त्या पुस्तकाची सुरुवात तर वाचच. व्हर्सायचा एक गणिताचा मास्तर मुलीच्या वाढदिवसासाठी जुन्या सामानाच्या दुकानातून खूप खणांचं लिहायचं टेबल आणतो, 65 फ्रँकला. तिथंच एक तरुण दुप्पट-तिप्पट देऊ करतो, मास्तर हटून बसतो, दुसऱ्याच दिवशी टेबल घरातून गायब. दोन महिन्यांनी कळतं की त्यात राहिलेल्या लॉटरीच्या तिकिटाला दहा लाख फ्रँक लागलेत, नंबर 514, सिरीज 23! चोरालाही चोरताना पत्ता नव्हता. तो म्हणतो अर्धं अर्धं करू, मास्तर ऐकेना, मग मुलगीच पळवली आणि मास्तर आला सुतासारखा सरळ.

विल्सनचं, म्हणजे त्यांच्या वॉटसनचं, मात्र वाईट वाटलं. एका गोष्टीत हात मोडून घेतो, दुसरीत सुरा लागतो, आणि शोल्मेस महाशय आपले हुरूपानं पुढच्या तपासाला. डॉयलचा होम्स असा वागला नसता, तिथं लब्लांनं हात धुवून घेतलेत, तुझा राग तेवढ्यापुरता बरोबर.

पण पहिल्या पुस्तकातली शेवटची गोष्ट! वाटेत होम्स आणि ल्यूपँ समोरासमोर येतात, दोन शब्द बोलतात, बस. परत जाताना होम्सला मोटारीत एक पुडकं सापडतं, ल्यूपँकडून. उघडतो तर आत त्याचंच घड्याळ. शेजारी बसलेला यजमान हसून लोटपोट आणि हा डिएप बंदर येईपर्यंत तोंड उघडत नाही.

शनिवारी येतो पुस्तकं द्यायला, चहा टाक. आणि मी निघताना मनगट बघून घे.

तुझा,
बाळ्या