गिअरबॉक्स उतरवायच्या आधी

वेंगुर्ले,
२ मे

प्रिय बाबल्या,

तुझं पत्र वाचलं. दुसरा-तिसरा गिअर पडतो, चौथा-पाचवाही पडतो, पण पहिला आणि रिव्हर्स सापडत नाहीत, आणि मेस्त्री म्हणतो गिअरबॉक्स उतरवू. अजिबात उतरवू देऊ नकोस. निदान मी खाली सांगतो तेवढं बघून होईपर्यंत तरी नको.

तुझा ट्रक सपाट तोंडाचा, म्हणजे केबिन इंजिनच्या वर. नाकवाल्या गाडीत लिव्हर गिअरबॉक्सच्या टॉप कव्हरवरच बसलेला असतो. तुझ्यात लिव्हर पुढे केबिनमध्ये, गिअरबॉक्स मागे, आणि मधे दोन रॉड, दोन-तीन बेलक्रँक (हालचालीची दिशा वळवणारे कोनी तुकडे), बुश (पिनेभोवतीची नळी), पिना, बॉल जॉइंट (गोळी-वाटीचा जोड). एक रॉड लिव्हरचं आडवं हलणं मागे नेतो, म्हणजे रांग निवडतो. दुसरा पुढे-मागे हलणं नेतो, म्हणजे गिअर पाडतो. तुझ्या गाडीत पहिला आणि रिव्हर्स एकाच रांगेत, तीही एका टोकाची आणि कडक स्प्रिंगच्या पलीकडची. तिथवर पोचायला आडवा पल्ला पुरा लागतो. बाकीच्या दोन्ही रांगा मिळतात आणि टोकाचीच मिळत नाही, तेव्हा माझा पहिला संशय आडव्या रॉडवर. गिअरबॉक्सच्या आतला, गिअर सरकवणारा फोर्क तुटला असता तर लिव्हर त्या रांगेत शिरून पोकळ फिरला असता. तुझा शिरतच नाही, असं तू लिहिलंयस.

आता तपासणी. गाडी सपाट जागी उभी कर, हँडब्रेक ओढ, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लाव, इंजिन बंद, आणि किल्ली तुझ्या खिशात. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नकोस. आणि जांभ्याचा चिरा चेसिसखाली टेकू म्हणून लावायची आपल्याकडची सवय सोड. चिरा भिंतीत भार पेलतो. ॲक्सलच्या टोकाचा भार एका बिंदूवर आला की फुटतो. लोखंडी घोडी वापर.

क्लीनरला वर बसव आणि लिव्हर सावकाश डावीकडे-उजवीकडे, मग पुढे-मागे हलवायला सांग. तू खालून एकेक जोड बघत मागे जा. एक बाजू हलते आणि पलीकडची उशिरा हलते, ती जागा खडूने खूण करून ठेव. असे जोड एकाहून जास्त निघतील. लिव्हरचं टेकण्याच्या पिनेपासून मुठीपर्यंतचं अंतर ६० सेंटिमीटर आणि खालचं टोक १२ सेंटिमीटर असेल, तर खालची ढिलाई मुठीपाशी पाचपट दिसते. चार जोडांत एकेक मिलिमीटर ढिलाई धरली तर मुठीपाशी दोन सेंटिमीटर. लिव्हर लोळतो म्हणतात तो असा. उलट बाजूने तोच हिशेब: मूठ पाच सेंटिमीटर ढकललीस तर खाली जेमतेम एक सेंटिमीटर सरकतं, आणि त्यातले चार मिलिमीटर ढिलाईतच जातात.

त्यानंतरची पायरी निर्णायक. गिअरबॉक्सच्या टोकाची स्प्लिट पिन (पाय वाकवून बसवलेली अडकपिन) काढून दोन्ही रॉड सोडव. गिअरबॉक्सचा बाहेरचा लिव्हर हाताने हलव. सगळे गिअर हाताला ‘टक्’ लागून पडले, तर गिअरबॉक्स निर्दोष. इंजिन बंद असताना एखादा गिअर अडला तर दातासमोर दात आलेला असू शकतो. बाहेर ये, ठोकळे थोडे सैल करून हँडब्रेक सोड, गाडी वीतभर ढकलून घे, पुन्हा हँडब्रेक ओढ, ठोकळे लाव आणि मग परत हलव. तरीही पहिला-रिव्हर्स हाताने पडत नसेल, तर आत शिफ्टर शाफ्ट (फोर्कचा दांडा), फोर्क किंवा डिटेंटची, म्हणजे गिअर जागेवर धरून ठेवणारी, गोळी-स्प्रिंग बघावी लागेल. तेही बहुतेक वेळा टॉप कव्हर काढून होतं, बॉक्स उतरवावा लागत नाही. गाडी दोन गिअरमध्ये एकदम अडकून चाकं जाम झाली असतील तर मात्र ओढू नकोस, तिथेच कव्हर उघड.

इंजिन बंद असताना सगळं गुळगुळीत आणि चालू केल्यावर करकरतं, तर दोष क्लचचा. मास्टर सिलिंडरचं तेल, गळती, पेडलचा खेळ बघ, रॉड-जोडांच्या मागे लागू नकोस.

चढावर ॲक्सिलरेटर दाबताना किंवा उतारावर सोडताना गिअर निसटत असेल, तर लिव्हरकडे बघ. तो आधी स्वतःहून पुढे-मागे सरकतो का? सरकत असेल तर बहुधा इंजिन किंवा गिअरबॉक्सचं रबर माउंटिंग फाटलंय. इंजिन डोलतं आणि रॉडला ओढतं. रॉड कितीही सारखा केलास तरी हा रोग राहणार.

आता दुरुस्ती. आपल्याकडे बुश खाण्याचं मुख्य कारण जुनेपणा नव्हे, खारा वारा आणि तांबडी माती. चिरेखाणीतली धूळ ग्रीसला चिकटते आणि पिनेवर पॉलिश-कागदासारखी चालते. गाडी मासळीला नेली असशील, तर बर्फाचं खारं पाणी थेट चेसिसवर गळतं. नायलॉनचा बुश गंजत नाही, पण त्यातली लोखंडी पिन गंजते, फुगते, आणि आधी जाम होते, मग बुश कातरते. म्हणून जुन्या ग्रीसवर नवं ग्रीस थापू नकोस. डिझेलने धू, ब्रश मार, पुसून कोरडं कर. पिनेवर नखाला लागेल अशी पायरी पडली असेल तर पिन आणि बुश दोन्ही बदल. नव्या बुशात जुनी पिन म्हणजे महिनाभराची सोय. बाजारात बुश मिळाला नाही तर लेथवाल्याकडून पितळेचा करून घे: १२ मिलिमीटरच्या पिनेला भोक १२.१. पितळी बुशाला ग्रीससाठी खाच पाडायला सांग, नाहीतर तो कोरडाच फिरेल. बेलक्रँकचं भोक लंबगोल झालं असेल तर तेही मोठं करून आत स्लीव्ह (धातूची नळी) ठोकावी लागेल.

बॉल जॉइंट गाडीवरच वेल्डिंग करून बसवायचा मोह कुणाला होईल. करू देऊ नकोस. आतली नायलॉनची वाटी वितळते, आणि रॉड वेल्डिंगच्या शेजारी पुन्हा तुटतो, बहुधा घाटात.

जोडणी करताना आधी गिअरबॉक्स न्यूट्रलला आण आणि केबिनमधला लिव्हर दुसऱ्या-तिसऱ्याच्या रांगेत सरळ उभा ठेव. चेक नट (रॉडचं टोक जागेवर आवळून धरणारा) सैल करून रॉडचं टोक फिरव. चुडीचा (आट्यांचा) पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड मिलिमीटर असेल तर पूर्ण फेऱ्याला दीड मिलिमीटर फरक पडतो. पिन बोटाने, न ओढता भोकात उतरली की लांबी बरोबर. पान्याने खेचून बसवलीस तर गिअर कायम एका बाजूला ताणलेला राहील. चुडी टोकात निदान तिच्या जाडीइतकी आत हवी. एका टोकाला उलटी चुडी असेल तर तिकडचा चेक नट उलटा सुटतो, जोर लावून मोडू नकोस.

मग खरी परीक्षा. रॉड सोडलेला होता तेव्हा हाताने प्रत्येक गिअर पाडून बाहेरचा लिव्हर कुठवर जातो ते खडूने आखून ठेवलंस का? नसेल तर पुन्हा सोडव आणि आख. आता केबिनमधून तेच गिअर पाड. खुणेपर्यंत पोचलं पाहिजे. पहिल्याला कमी पडला तर आडवा रॉड अर्धा-अर्धा फेरा फिरवून बघ, पण प्रत्येक वेळी चौथ्या-पाचव्याची रांगही तपास. एकीकडे मिळवलेलं दुसरीकडे जातं. लिव्हर इंजिनच्या झाकणाला किंवा सीटला टेकून थांबत असेल तर गिअर अर्धवटच पडतोय. दोन बोटं जागा मोकळी हवी.

स्प्लिट पिन दरवेळी नवी. जुनी सरळ करून घातली की पाय मोडतो. खिळा, तार चालणार नाही. जोडावरचा रबरी बूट (धूळ अडवणारं आवरण) फाटका असेल तर पावसाआधी बदल, आणि त्याला काळं, म्हणजे वापरलेलं इंजिनचं, तेल फासू नकोस. चेसिसला ठीक, पण रबर त्याने फुगतं.

तोवर भरलेली गाडी दुसऱ्यावर उचलू नकोस, क्लच प्लेट जळेल. फोंडा घाटाचं भाडं सध्या नाकार. वाटेत रॉड सुटलाच तर इंजिन बंद करून, ठोकळे लावून, खालून हाताने दुसरा पाड, बाहेर ये, मग क्लच दाबून सुरू कर आणि सपाट रस्त्याने हळूहळू गॅरेज गाठ. उतार असेल तर तसंच उभं राहून माणूस बोलाव.

आडव्या रॉडची लांबी भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून आणि पिनेची जाडी व्हर्नियरने बघून कळव. इथल्या टर्नरकडून बुश करून एसटीने पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दादू